नशिबाच्या खात्यावर

हरलेल्या माणसाजवळ एक शब्द नेहमी तयार असतो. मराठीत तो नशीब म्हणून येतो, आमच्या घरांतल्या बोलीत मुकद्दर म्हणून. कापसाला भाव मिळाला नाही, मुकद्दर. ठरलेली सोयरीक मोडली, मुकद्दर. मुलगा दहावीला गणितात राहिला, तरीही मुकद्दरच. शब्द एकच, पण त्याच्या खात्यावर टाकलेल्या गोष्टी किती वेगवेगळ्या! ह्या खात्याची एकदा नीट तपासणी व्हावी, असे आम्हाला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. निमित्त मिळाले ते मुलांच्या एका पत्त्यांच्या खेळाचे. विषय हलका वाटेल; पण खेळाकडे बघून तकदीर आणि तदबीर यांचा विचार करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

दहाव्या शतकातला अरब इतिहासकार मसऊदी याने आपल्या 'मुरूज-उज़-ज़हब' ह्या ग्रंथात शतरंज आणि नर्द या दोन खेळांविषयी लिहिले आहे. नर्द म्हणजे फाशांचा खेळ. त्याच्या काळातल्या काही विचारवंतांचे म्हणणे तो नोंदवतो. ज्याने शतरंज शोधला तो मुअतज़िला विचाराचा असावा, म्हणजे माणसाला कृतीचे स्वातंत्र्य आहे असे मानणारा. आणि ज्याने नर्द शोधला तो जब्रिया विचाराचा, म्हणजे सारे आधीच ठरलेले आहे असे मानणारा. शतरंजाच्या पटावर जे घडते ते खेळणाऱ्याच्या डोक्यातून येते. नर्दमध्ये फासा जे दान देईल त्याच्यापुढे मान तुकवावी लागते. पुढे फिकहच्या अभ्यासकांनीही दोन्ही खेळांना एकाच तराजूत तोलले नाही. नर्दबाबत बहुतेकांचा सूर कडक राहिला; शतरंजाबाबत मतभेद झाले आणि इमाम शाफई यांनी त्याला नापसंत मानले तरी हराम म्हटले नाही.

पत्ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात. हातात काय येईल ते आपल्या हाती नाही. आलेल्याचे काय करायचे ते आपल्या हाती आहे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी अकोल्याचे रस्ते ओस पडतात, तेव्हा घरोघरी मेंढीकोटचे डाव मांडले जातात. चार गडी, दोन जोड्या, दश्श्या पकडायच्या. तिथे हुकूम बोलणारा आणि गेलेले पत्ते लक्षात ठेवणारा गडी वेगळा ओळखू येतो. हाच भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही केला आहे. १९६७ साली रमीच्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटले, की कोणते पत्ते पडले हे लक्षात ठेवणे, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवणे यात कौशल्य लागते. तीन पत्त्यांच्या खेळासारखा हा निव्वळ दैवाचा खेळ नाही.

पण मेंढीकोट असो की रमी, एक गोष्ट त्यात गृहीत असते. कॅट सगळ्यांचा एक असतो. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या गंजिफ्याचे वर्णन केले आहे. कोकणात सावंतवाडीला दशावतारी गंजिफा रंगवण्याची कला मरणपंथाला लागली होती; राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात तिला पुन्हा उभे केले. त्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग आणि १२० पत्ते असतात. पत्ते हस्तिदंताचे असोत की लाखेचा हात दिलेले कागदी, बादशहा आणि त्याचा सोबती दोघेही त्याच ढिगातून पत्ते उचलतात. बसण्याच्या जागेत फरक असेल, ढिगात फरक नाही.

नव्या खेळाने नेमकी हीच अट मोडली. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' १९९३ साली बाजारात आला. हजारो निरनिराळे पत्ते. प्रत्येकावर एक चित्र, एक शक्ती आणि ती वापरण्याची किंमत. खेळणाऱ्याने ह्या हजारोंतून आपले पत्ते निवडून स्वतःचा कॅट घरूनच रचून आणायचा. त्याला डेक म्हणतात. १९९४ पासून स्पर्धांत नियम पक्का झाला, की डेकमध्ये किमान ६० पत्ते असावेत आणि सर्वसाधारण पत्त्याच्या चारपेक्षा जास्त प्रती नसाव्यात. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या पोकेमॉनच्या खेळातही डेक ६० पत्त्यांचाच. इथे दोन माणसे समोरासमोर बसतात तेव्हा पहिला पत्ता उचलण्याआधीच अर्धा डाव झालेला असतो. तो त्यांनी आपापल्या घरी, एकट्याने खेळलेला असतो.

अमरावती-अकोल्यात हे खेळ रीतसर पोहोचलेले नाहीत. आमच्या लहानपणी पहिलवानांचे ट्रम्प कार्ड होते. उंची, वजन, छाती यांचे आकडे एकमेकांवर आपटायचे. आता शाळेबाहेरच्या टपरीवर सोनेरी प्लास्टिकचे नकली पोकेमॉन पत्ते मिळतात आणि मुले त्यांचा उपयोग फक्त जमवण्यासाठी करतात. खरा खेळ आमच्या मोहल्ल्यात आणला तो आमच्या खालाच्या मुलाने. तो अकोल्याचा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकत असताना त्याने मॅजिक शिकून घेतला आणि उन्हाळ्याच्या सुटीत अमरावतीला आमच्याकडे आला तेव्हा एक बिस्किटांचा डबा भरून पत्ते घेऊन आला. आठवी-नववीची पाच-सहा मुले असरनंतर ओट्यावर जमू लागली. पत्त्यांवरचे इंग्रजी वाचण्यासाठी त्यांनी शब्दकोश उघडले, हा एक जास्तीचा फायदा. आम्ही गणित शिकवतो, म्हणून आमचे लक्ष डेक रचण्याकडे गेले.

डेक रचणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगता येईल. मॅजिकमध्ये काही पत्ते जमिनीचे असतात. त्यांत राक्षस नाहीत, वीज नाही, तलवार नाही, नुसती जमीन. पण जमिनीशिवाय दुसरा जवळजवळ कोणताही पत्ता खेळता येत नाही, कारण प्रत्येकाची किंमत जमिनीतूनच चुकवायची असते. वऱ्हाडातल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. उत्तम बियाणे घरात आणून ठेवले आणि वावर नसले, तर ते कोठे पेरणार?

तरीही प्रत्येक नवशिका मुलगा जमीन कमी ठेवतो. त्याला चमकणारे पत्ते हवे असतात. साठांपैकी साधारण २४ पत्ते जमिनीचे ठेवावेत असा अनुभवी खेळाडूंचा एक ढोबळ ठोकताळा आहे. एका मुलाने १८ ठेवले. सुरुवातीला सात पत्ते उचलायचे असतात. त्याच्या हातात पुन्हा पुन्हा एखादीच जमीन यायची, कधी तीही नाही. हात पाहून तो म्हणायचा, "सर, अपना नसीबच खराब है." मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. साठांत १८ जमिनी असतील तर सात पत्त्यांत एक किंवा शून्य जमीन येण्याची शक्यता शेकडा ३१ निघते, म्हणजे जवळजवळ तीन डावांतून एकदा. २४ असतील तर ती शेकडा १४ वर उतरते, म्हणजे सात डावांतून एकदा. तीनातून एकदा आणि सातातून एकदा, यांच्यामधले जे अंतर आहे ते मुकद्दरचे नव्हते. ते त्या मुलाने स्वतःच्या हाताने, चमकदार पत्त्यांच्या मोहाने आपल्या डेकमध्ये रचले होते.

पण सातातून एकदा उरतेच. सर्वांत शहाण्या माणसाने रचलेल्या डेकमध्येही ते उरते. तेवढे मात्र खरोखर पिसण्याचे आहे, आणि त्याच्यावर रागावून उपयोग नाही.

डेक रचण्यातला दुसरा धडा सोडण्याचा आहे. साठ ही किमान मर्यादा. जास्त पत्ते घालायला मनाई नाही. म्हणून मुले सत्तर, ऐंशी पत्ते कोंबतात. हाही आवडतो, तोही असू द्या. पण ज्या पत्त्याच्या चार प्रतींवर डेक उभा आहे, तो साठाच्या डेकमध्ये पहिल्या सात पत्त्यांत दिसण्याची शक्यता शेकडा ४० असते. डेक ऐंशीचा झाला की ती ३१ वर येते. प्रत्येक जादा आवडता पत्ता सर्वांत गरजेच्या पत्त्याला एक पायरी मागे ढकलतो. मुलांच्या बाबतीत आम्ही पाहिले, की वाईट पत्ता काढणे सोपे असते. चांगला पण ह्या डेकच्या कामाचा नसलेला पत्ता काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. नफ्सवर ताबा ठेवण्याच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकवतो. एकसष्टावा पत्ता बाजूला ठेवणे हा त्या शिकवणुकीचा छोटा आणि प्रामाणिक सराव आहे.

तिसरी गोष्ट डेक सुधारण्याची. खालाच्या मुलाची पद्धत अशी, की एका वेळी एक किंवा दोनच पत्ते बदलायचे आणि प्रत्येक डाव वहीत लिहायचा. एकदम दहा पत्ते बदलले, तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. मुलांना हे पटत नव्हते. एक डाव हरला की सारा डेक मोडायचा आणि नवा रचायचा, ही त्यांची चाल. इथेही हिशेब मदतीला आला. समजा एक डेक इतका चांगला आहे की तो दीर्घकाळात दहापैकी सहा डाव जिंकतो. असा डेकसुद्धा एखाद्या दहा डावांच्या फेरीत चार किंवा त्याहून कमी डाव जिंकण्याची शक्यता सहातून एकदा असते. म्हणजे सहा मुलांनी असेच चांगले डेक रचले, तर त्यांतल्या एखाद्याच्या वाट्याला आठवडाभर अपयश येईल आणि तो समजेल की आपल्याला रचता येत नाही.

निकालावरून कृतीची किंमत ठरवू नये, हे इथे ठळकपणे दिसते. १९९६ च्या मॅजिकच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा टॉम चॅनफेंग विजयी झाला. त्याच्या डेकच्या नोंदणीच्या कागदावर दोन रंगांना चालणाऱ्या जमिनींचे चार पत्ते लिहायचे राहून गेले होते. नियमाप्रमाणे त्यांच्या जागी साध्या जमिनी आल्या आणि त्याच्या डेकमधला निळ्या रंगाचा पत्ता खेळण्याची सोयच उरली नाही. तरीही तो जगज्जेता झाला. तो जिंकला म्हणून कागद अर्धवट भरणे शहाणपणाचे ठरत नाही. आणि दुसरा एखादा सारी तयारी चोख करून हरला, तर त्याची तयारी मूर्खपणाची ठरत नाही. उंटाला आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही हदीस मुलांना तोंडपाठ असते. तिचा अर्थ असा नाही की बांधलेला उंट कधीच हरवत नाही. बांधणे हे आपले काम आहे आणि आपल्याला जाब विचारला जाईल तो बांधण्याबद्दल, एवढाच तिचा अर्थ आम्हाला लागतो.

एक वाद ओट्यावर रंगला, तोही नोंदवण्यासारखा आहे. मोठ्या स्पर्धांत जिंकलेल्या डेकची यादी आज कोणालाही वाचायला मिळते. एका मुलाने अशी यादी जशीच्या तशी उतरवली आणि तो जिंकू लागला. बाकीचे म्हणाले, ही नक्कल आहे. आम्हाला हा वाद ओळखीचा वाटला. तकलीद आणि इज्तिहाद ह्या जुन्या वादाचीच ती धाकटी आवृत्ती होती. जाणत्याच्या मागे चालण्यात कमीपणा नाही. त्यात अनेकांच्या हजारो डावांचा अनुभव फुकट मिळतो. पण ती यादी दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यांसाठी रचलेली असते. आपल्या ओट्यावर सगळे वेगवान, स्वस्त डेक घेऊन येत असतील तर त्या यादीतले काही पत्ते निरुपयोगी ठरतात. नक्कल करणाऱ्याला ते समजायला तीन आठवडे लागले. मग त्याने दोन पत्ते बदलले, आणि का बदलले हे त्याला सांगता आले. आमच्या मते त्या दिवशी तो डेक त्याचा झाला.

इथवर सारे माणसाच्या जबाबदारीचे कौतुक झाले. इथेच थांबलो असतो तर हा लेख मुलांना 'मेहनत करा, रडू नका' असे सांगणाऱ्या शेकडो भाषणांत आणखी एक ठरला असता. पण डेक ज्यातून रचायचा, तो डबा कोठून येतो?

ह्या खेळातले पत्ते बंद पाकिटात विकले जातात. पाकिटात काय निघेल ते माहीत नसते. दुर्मीळ पत्ता हजारांतून एखाद्याला लाभतो आणि त्याची किंमत गगनाला भिडते. मॅजिकच्या पहिल्या वर्षी छापलेल्या 'ब्लॅक लोटस' ह्या पत्त्याची एक उत्तम प्रत २०२१ साली लिलावात पाच लाख डॉलर्सहून अधिक किमतीला गेली. बंद पाकिटाचा हा धंदा मैसिरच्या, म्हणजे जुगाराच्या किती जवळ जातो, हा प्रश्न वाजवी आहे. सौदी अरेबियातल्या उलेमांनी २००१ साली पोकेमॉनविरुद्ध फतवा दिला, त्याच्या कारणांत जुगाराशी असलेले साम्य हे एक होते. पैशापुरता प्रश्न उलेमांनाच पडला असेही नाही. संगणकावरच्या खेळांत पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या बंद पेट्यांना बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली जुगार ठरवले. मॅजिकच्या मूळ नियमांत तर प्रत्येक डावाला डेकमधला एक पत्ता पणाला लावायची तरतूद होती. ती पुढे सोडून देण्यात आली. जाणते खेळाडू पाकिटे फोडत बसत नाहीत. हवा तो सुटा पत्ता ठरलेल्या भावाने विकत घेतात. त्यात फसवणूक नाही आणि जुगारही नाही. पण पैसा मात्र लागतोच.

म्हणजे शेवटी प्रश्न तोच. ज्याचा डबा मोठा, त्याचा डेक मोठा. आमच्या ओट्यावर एका मुलाला त्याच्या मामूने दुबईहून खऱ्या पत्त्यांची पाकिटे पाठवली. दुसऱ्याचे वडील पंक्चर काढतात. दोघेही सारखेच हुशार, दोघांनीही वह्या नीट लिहिलेल्या. पहिला जिंकत राहिला. दुसरा म्हणाला, मुकद्दर. ह्या वेळी आम्हाला फळ्यावर हिशेब मांडता येईना. त्याने जमिनी बरोबर ठेवल्या होत्या. सोडायचे ते सोडले होते. पिसण्यानेही त्याच्याशी वैर धरले नव्हते. त्याच्या डब्यात तो पत्ताच नव्हता, एवढेच.

डबा लहान असला तरी शहाणपणाने पुष्कळ साधता येते, हे खरे आहे. १९९६ साली अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाच्या खेळाडूने जे श्नायडरने कल्पिलेला एक डेक आणला. त्यातले कित्येक पत्ते इतके साधे होते की लोक ते फुकट वाटून टाकत. पण प्रत्येक पत्त्याची किंमत अशी पायरीपायरीने बसवली होती की एकही फेरी वाया जाऊ नये. श्रीमंत डेक तयार होईपर्यंत ह्या डेकने अर्धे काम उरकलेले असे. स्लाय दुसरा आला आणि त्या प्रकारच्या डेकला त्याचेच नाव पडले. गरिबीतही क्रम आणि शिस्त असेल तर ताकद येते, हे सांगायला हे उदाहरण छान आहे. आम्हीही ते मुलांना सांगितले. पण ते सांगून डब्याचा प्रश्न मिटवणे हा कावा ठरेल. स्लाय पहिला आला नव्हता, हेही त्याच गोष्टीत आहे.

मुलांनी स्वतः शोधलेला उपाय वेगळा होता. एकाच्या घरी भावाच्या लग्नाच्या पत्रिकांचा एक गठ्ठा उरला होता. जाड कागद, पाठ सगळ्यांची सारखी, म्हणजे पिसताना पत्ता ओळखू येण्याची भीती नाही. छापील बाजूवर पांढरा कागद चिकटवून त्यांनी त्यावर पत्ते लिहून काढले आणि नियम केला, की ह्या ओट्यावर कोणीही कोणताही पत्ता लिहून वापरू शकतो. मर्यादा फक्त साठांची आणि चार प्रतींची. एका दिवसात सगळ्यांचे डबे सारखे झाले.

दुबईचे पत्ते असलेला मुलगा नाराज झाला. "हमने पैसे दिए, सर. ये तो बराबरी नहीं हुई." त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्याच्या मामूने घाम गाळून मिळवलेला पैसा होता. ओट्यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी निघाले ते असे, की पत्ते त्याचेच आहेत, त्यांची चमक त्याची आहे, उद्या किंमत वाढली तर ती त्याची आहे; ते कोणी हिरावले नाही. पण पैशाने पत्ता विकत घेता येतो, डाव विकत घेता येऊ नये. मालकीचा हक्क एक आणि जिंकण्याचा हक्क दुसरा. तो पुढेही खेळत राहिला. कधी जिंकला, कधी हरला, आणि जिंकला तेव्हा त्याच्या डेकचे कौतुक पहिल्यांदा मनापासून झाले. ह्या खेळाच्या मोठ्या जगातही अशी सोय आहे. 'पॉपर' नावाच्या प्रकारात फक्त सर्वसाधारण म्हणून छापले गेलेले पत्तेच चालतात, आणि २०१९ पासून त्याला अधिकृत मान्यताही मिळाली आहे.

तर नशिबाच्या खात्यावर आपण ज्या रकमा एकत्र टाकतो, त्या तीन आहेत. पहिली डब्याची : आपण जन्मलो तेव्हा, शाळेत गेलो तेव्हा आपल्यासमोर काय ठेवले होते. दुसरी डेकची : जे होते त्यातून आपण काय निवडले, काय सोडले, किती वेळा सुधारले. तिसरी पिसण्याची : सारे करूनही जे हाती नव्हते. तिसऱ्या रकमेला सबर हे उत्तर आहे. दुसऱ्या रकमेची जबाबदारी आपली आणि तिच्यापुढे सबर हा शब्द उच्चारणे म्हणजे आळसाला पवित्र नाव देणे. आणि पहिली रक्कम? ती सबरचीही नाही आणि एकट्या मुलाच्या मेहनतीचीही नाही. ती माणसांनी केलेल्या वाटणीची आहे. २००६ साली आलेला सच्चर समितीचा अहवाल काय किंवा महाराष्ट्रातल्या महमूद-उर-रहमान अभ्यासगटाचा अहवाल काय, ते मुख्यतः डबेच मोजत होते : शाळा किती, बँकेचे कर्ज किती, नोकऱ्या किती. ह्या वाटणीला तकदीर म्हणणे म्हणजे माणसांचे काम अल्लाहच्या नावावर मांडणे आहे.

ह्या तीन रकमांची सरमिसळ दोन्ही बाजूंनी होते. आमच्या मोहल्ल्यात ती डेकची चूक डब्याच्या खाती टाकून होते. अभ्यास न करता 'हमारे साथ तो ऐसाही होता है' म्हणणारी मुले आम्ही रोज पाहतो. सुखवस्तू घरांत ती उलट होते. अकोल्यात वैद्यकीय प्रवेशाचे क्लासेस गेल्या काही वर्षांत चांगलेच वाढले आहेत. दूरदूरची मुले तिथे खोली घेऊन राहतात. त्यांतला यशस्वी मुलगा आणि त्याचे पालक सारे श्रेय डेकला देतात आणि ज्या डब्यातून तो डेक रचला गेला त्याचा उल्लेख करत नाहीत. मग नापास झालेल्या गरीब मुलाला ते आळशी ठरवतात. दोघांच्याही हिशेबात लबाडी आहे, आणि दोघेही ती नशिबाच्या नावाने पचवतात.

कोणी म्हणेल, खऱ्या जगात लग्नपत्रिकेच्या पाठीवर पत्ता लिहून चालत नाही. डॉक्टरकीची जागा लिहून काढता येत नाही. मान्य. पण जुनी पुस्तके पुढच्या वर्गाला देता येतात. मशिदीच्या शेजारची खोली संध्याकाळी अभ्यासाला उघडता येते. शाळेत गणिताचे पद दोन वर्षे रिकामे असेल तर त्यासाठी अर्जावर अर्ज करता येतात. पाठ्यपुस्तकांपलीकडच्या परीक्षांच्या तयारीची पुस्तके उर्दूत मिळत नसतील तर चार शिक्षकांनी बसून ती उतरवून काढता येतात. हे सारे पत्ते लिहून काढण्यासारखेच काम आहे. चकचकीत नाही, पण डाव खेळता येतो.

आमच्या वर्गात आता चाचणीनंतर मुलांना वहीच्या पानावर तीन रकाने आखायला सांगतो. डबा, डेक, पिसणे. जो गुण गेला तो कोणत्या रकान्यात गेला, ते त्यांनीच लिहायचे. सुरुवातीला सगळे तिसऱ्या रकान्यात गर्दी करतात. दोन-तीन चाचण्यांत दुसरा रकाना भरू लागतो : 'भूमिती केलीच नाही', 'शेवटचा प्रश्न वाचला नाही'. ते त्यांना लिहिताना पाहून बरे वाटते. पहिल्या रकान्यात मात्र अशी वाक्ये येतात : 'घरात एकच खोली, रात्री सगळे झोपतात'. 'गाईड नव्हते'. 'अब्बू के साथ दुकान पे बैठना पड़ता है'. मुलांनी दुसऱ्या रकान्याचे उत्तर द्यावे असा आग्रह धरायचा असेल, तर पहिल्या रकान्याचे उत्तर मोठ्यांनी दिले पाहिजे. तो रकाना आम्ही वेगळ्या कागदावर उतरवून घेतो आणि शिक्षक-पालक सभेत वाचून दाखवतो. नाव कोणाचे घेत नाही. सभेत कोणी उठून मुकद्दर म्हणालेच, तर तेवढेच विचारतो, की तीनांपैकी कोणते?